कवडसे टिपणारा सफाई कामगार

पहाटेचा अंधार. टोकियो शहरातल्या एका जुन्या लहानशा घराच्या माडीवर साठी उलटलेला एक माणूस झोपला आहे. खाली गल्लीत एक म्हातारी झाडूने रस्ता झाडू लागते आणि त्या आवाजाने त्याला जाग येते. गजराचे घड्याळ त्याला लागत नाही. तो उठतो, गादीची घडी घालून कोपऱ्यात ठेवतो, दात घासतो, मिशी कातरतो. छोट्या कुंड्यांत लावलेल्या रोपट्यांवर पाण्याचा फवारा मारतो. पाठीवर उपक्रमाचे नाव असलेला निळा गणवेश चढवतो. दाराशी ओळीने मांडलेल्या किल्ल्या आणि सुटे पैसे खिशात टाकतो, दार उघडतो आणि आभाळाकडे बघून किंचित हसतो. दारासमोरच्या यंत्रात नाणी टाकून कॉफीचा डबा घेतो आणि आपल्या छोट्या गाडीतून कामाला निघतो. काम कोणते? तर सार्वजनिक शौचालये धुण्याचे.

वाचक बंधू-भगिनींनो, 'पर्फेक्ट डेज' ह्या २०२३ सालच्या जपानी चित्रपटाची ही सुरुवात. नावाचा अर्थ 'परिपूर्ण दिवस' असा होतो. दोन तासांच्या ह्या चित्रपटात मारामारी नाही, खून नाही, प्रेमाचा त्रिकोण नाही. नायक हिरायामा बराच वेळ एक शब्दही बोलत नाही. आम्ही हा चित्रपट घरी टीव्हीवर पाहिला. पडद्याच्या तळाशी येणारी इंग्रजी वाक्ये आमची मुलगी मराठीत सांगत होती, पण तिला फारसे काम पडले नाही. त्या दिवशी आमच्या शेजारचे काकाही बसले होते. महापालिकेच्या सफाई खात्यात ३० वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले आहेत. "शौचालय धुणाऱ्याचा सिनेमा? आणि तोही जपानचा?" असे म्हणत ते बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. त्यांच्यासोबत पाहिला म्हणूनच हा चित्रपट आम्हांला थोडा वेगळा दिसला असावा.

आधी थोडी माहिती. दिग्दर्शक विम वेंडर्स जर्मन आहेत, परंतु चित्रपटाची भाषा जपानी, गाव जपानी आणि कलाकारही जपानी. जपानने हा चित्रपट ऑस्करसाठी आपला अधिकृत चित्रपट म्हणून पाठवला. जपानी नसलेल्या दिग्दर्शकाला हा मान पहिल्यांदाच मिळाला, आणि २०२४ च्या ऑस्करच्या शेवटच्या पाच परभाषिक चित्रपटांत तो पोहोचला. त्याआधी २०२३ च्या कान महोत्सवात हिरायामाची भूमिका करणाऱ्या कोजी याकुशो यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला होता. ह्या याकुशोंची एक गंमत सांगण्यासारखी आहे. नट होण्यापूर्वी ते टोकियोच्या एका वॉर्ड ऑफिसात नोकरीला होते. नाटकाकडे वळल्यावर गुरूंनी त्यांना नवे आडनाव दिले, ते 'याकुशो'. जपानीत त्याचा अर्थ सरकारी कचेरी! वॉर्ड ऑफिसातल्या ह्या कर्मचाऱ्याने पुढे सफाई कामगाराची भूमिका केली आणि जगाने त्याला डोक्यावर घेतले.

हिरायामा काम कसे करतो हे दिग्दर्शकाने घाई न करता दाखवले आहे. आधी कचरा उचलायचा, मग भांडे घासायचे, मग नळ, मग फरशी. खालून न दिसणारी कड स्वच्छ झाली की नाही हे पाहण्यासाठी त्याने एक छोटा आरसा ठेवला आहे. तो भांड्याच्या कडेखाली धरून बघतो. काका एकदम पुढे सरकले. "आरसा लावून बघतो? आमचा मुकादमसुद्धा एवढं बघत नव्हता!" मध्येच कोणी घाईचा माणूस आला की हिरायामा बादली उचलून बाहेर येतो, भिंतीशी उभा राहतो आणि वर झाडाच्या पानांकडे बघत थांबतो. आत जाणारा त्याच्याकडे बघतही नाही. त्याच्या हाताखालचा पोरगेला सहकारी ताकाशी रोज उशिरा येतो, एका हाताने फोन बघत दुसऱ्या हाताने फडके फिरवतो, आणि म्हणतो, पुन्हा घाणच होणार तर एवढे घासायचे कशाला? हिरायामा उत्तर देत नाही. घासत राहतो.

त्यानंतरचा एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. शौचालयाच्या आत एक लहान मुलगा रडत बसलेला असतो. आई हरवली आहे. हिरायामा त्याचा हात धरून त्याला बाहेर आणतो आणि आईला शोधायला निघतो. तेवढ्यात आई धावत येते, मुलाला जवळ घेते आणि पहिली गोष्ट काय करते? ओला रुमाल काढून मुलाचा हात पुसते. ज्या हाताला हिरायामाने धरले होते, तोच हात. आभाराचा एक शब्द नाही. समोरच्या माणसाकडे नजरही नाही. मुलगा मात्र जाता जाता मागे वळून हात हलवतो, आणि हिरायामाच्या चेहऱ्यावर हसू येते.

आमच्या खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग काका म्हणाले, "हे तिकडेही आहे तर."

आहे खरे. आणि हे कुठल्या देशात, तर जिथे शाळेतली मुले रोज आपला वर्ग आपणच झाडतात. साफसफाईची लाज वाटू नये असा धडा तिथे लहानपणापासून मिळतो, तरीही आईचा हात रुमालाकडे गेलाच. जपानला जन्मावरून होणारा भेद ठाऊक नाही असेही नाही. मेलेली जनावरे, कातडे, कत्तल अशी कामे करणाऱ्या लोकांना तिथे शतकानुशतके वस्तीबाहेर ठेवले गेले. १८७१ च्या फर्मानाने ती अवस्था कायद्यातून काढून टाकली, पण ज्यांना 'बुराकू' म्हणतात त्यांच्याविरुद्धचा भेद चालूच राहिला. तो संपवण्यासाठी २०१६ साली जपानला पुन्हा कायदा करावा लागला. चित्रपटात मात्र ह्याचा उल्लेख नाही. कारण हिरायामा त्या समाजातला नाही. तो कुठून आला आहे हे पुढे कळते, आणि तिथेच ह्या चित्रपटाची खरी गाठ आहे.

तोपर्यंत त्याच्या एकटेपणाकडे बघू. त्याला बायको नाही, मुले नाहीत, मित्र म्हणावा असा माणूस नाही. दुपारी तो देवळाच्या आवारात झाडाखाली बसून सँडविच खातो आणि एका जुन्या कॅमेऱ्याने पानांचे फोटो काढतो. पानांमधून झिरपणाऱ्या, हलणाऱ्या उन्हाला जपानीत 'कोमोरेबी' असा खास शब्द आहे. आपला 'कवडसा' त्याच्या बराच जवळचा. हिरायामा रोज कवडसे टिपतो. सुट्टीच्या दिवशी फोटो धुऊन आणतो, बिघडलेले फाडून टाकतो, चांगले महिन्यावार डब्यांत भरून ठेवतो. संध्याकाळी सार्वजनिक हमामात अंघोळ, मग सायकलवरून स्टेशनच्या भुयारातल्या एका खानावळीत जेवण. रात्री जुन्या बाजारातून आणलेले पुस्तक वाचता वाचता झोप. गाडीत तो गाणी ऐकतो, तीही कॅसेटवर! भीमगीतांच्या कॅसेटी ज्यांच्या ट्रंकेत अजून जपून ठेवलेल्या आहेत, त्यांना हा माणूस लगेच आपला वाटेल. ताकाशी त्या कॅसेटी विकायला निघतो, कारण आता त्यांना मोठी किंमत येते. हिरायामा विकू देत नाही. उलट मैत्रिणीला घेऊन बाहेर जायला त्या पोराजवळ पैसे नाहीत म्हणून स्वतःच्या पाकिटातले काढून देतो. पुढे वाटेत गाडीतले पेट्रोल संपते, खिसा रिकामा असतो, आणि मग त्यालाच एक कॅसेट विकावी लागते. गरिबाघरची उधार-उसनवारी ज्याने पाहिली आहे त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

एका शौचालयात फटीमध्ये खोचलेला कागद त्याला सापडतो. त्यावर फुली-गोळ्याचा डाव अर्धा मांडलेला असतो. आधी तो कागद कचऱ्यात टाकायला निघतो, मग थांबतो, एक खूण करतो आणि कागद होता तिथे ठेवतो. दुसऱ्या दिवशी उत्तर आलेले असते. असा दररोज एक घर भरत डाव पुरा होतो. शेवटी त्या अनोळखी खेळाडूने आभाराचा शब्द लिहिलेला असतो. तो खेळाडू बाई की पुरुष, म्हातारा की पोर, हे हिरायामाला शेवटपर्यंत कळत नाही, आणि आपल्यालाही नाही. बागेत एक बेघर म्हातारा झाडासारखा हात पसरून उभा असतो; त्याची आणि हिरायामाची रोज नजरानजर होते. खानावळीचा मालक तो आला की न सांगता पेला समोर ठेवतो. ही सगळी नाती बिनबोलाची आहेत, पण ती नसती तर त्याचे दिवस ओके झाले असते.

जपानमध्ये ही गोष्ट कविकल्पना म्हणून सोडून देता येत नाही. २०२० च्या तिथल्या जनगणनेत शंभरातली अडतीस घरे एकट्या माणसाची निघाली. २०२१ मध्ये सरकारने एकटेपणाच्या प्रश्नासाठी स्वतंत्र मंत्री नेमला, आणि २०२४ पासून त्यासाठीचा कायदा लागू झाला. त्याच २०२४ सालात घरात एकट्याने मरण पावलेले सुमारे ७६ हजार लोक पोलिसांच्या नोंदीत आले. त्यांतले बहुतेक पासष्टीच्या पुढचे होते. 'कोदोकुशी', म्हणजे एकाकी मरण, हा शब्द तिथे रोजच्या वापरातला झाला आहे. पडद्यावर हिरायामा कुंडीला पाणी घालत असतो तेव्हा जपानी प्रेक्षकाच्या मनात हा शब्द असणारच.

आता गाठ. एका रात्री तो घरी येतो तर जिन्यात एक मुलगी बसलेली. ती त्याची भाची निको, आईशी भांडून पळून आलेली. इतकी वर्षे गेली आहेत की आधी तो तिला ओळखतच नाही. तिला माडीवर झोपायला देऊन स्वतः खाली सामानाच्या गर्दीत झोपतो. मामासोबत ती कामावर जाते, हमामात जाते, सायकलवर पुलावरून हिंडते. घरात दोन माणसे झाल्याबरोबर हिरायामाची जीभ सुटते. हे पाहताना लक्षात येते की हा माणूस घुमा नाही, त्याच्याशी बोलायलाच कोणी नव्हते. तुमचे आणि आईचे का पटत नाही, असे निको विचारते तेव्हा तो एवढेच सांगतो की जगात अनेक जगे आहेत, काही एकमेकांना जोडलेली असतात, काही नसतात.

मग एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी मोठी मोटार उभी राहते. ड्रायव्हर वेगळा. आतून बहीण उतरते. तिच्या अंगावरचे कपडे, ती मोटार आणि मागे ते मोडकळीला आलेले घर, एवढ्यावरून सगळे कळते: हिरायामा श्रीमंताघरचा मुलगा आहे. बहीण सांगते, बाबा आता वृद्धांच्या सेवागृहात आहेत, त्यांना काही कळत नाही, पूर्वीसारखे ते राहिले नाहीत, एकदा भेटून ये. हिरायामा मान हलवून नकार देतो. मग ती हलक्या आवाजात विचारते, तू खरोखरच शौचालये धुतोस? तो हसून होय म्हणतो. तिला घट्ट मिठी मारतो. मोटार गेल्यावर रस्त्यातच उभा राहून ढसाढसा रडतो.

वडिलांनी काय केले होते, हा घर सोडून का गेला, चित्रपट सांगत नाही. 'पूर्वीसारखे ते राहिले नाहीत' ह्या चार शब्दांत जे काय ते. आमच्या घरात ह्यावर वाद झाला. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, मरणाच्या दारातल्या बापाला मुलाने भेटायला हवे होते. मुलगी म्हणाली, बाप विसरला म्हणून मुलानेही विसरायचे का? आम्हांला मुलीचे म्हणणे पटले, तरी सौभाग्यवतींसमोर तसे बोललो नाही.

पण काकांचा मुद्दा निराळा होता. "म्हणजे ह्यानं हे काम स्वतः निवडलं," ते म्हणाले, आणि जरा मागे टेकून बसले. आमच्याही मनात तेच आले. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाची झाडाझडती घेताना हेच दाखवून दिले होते, की भारतात भंगी हा कामामुळे ठरत नसून जन्मामुळे ठरतो, मग तो ते काम करो वा न करो. सेवेचा महिमा गाऊन ही अवस्था बदलत नाही. हिरायामाला मोटारीतून उतरून झाडू हातात घेता आला. ज्याच्या घरात झाडू आजोबापासून चालत आला आहे, आणि जो खोली भाड्याने मागायला गेला की आधी आडनाव विचारले जाते, त्याच्या मनाची शांती अशी दाखवली असती तर आम्ही हा चित्रपट अर्ध्यावर बंद केला असता. आपल्याकडे मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये पुन्हा झाला, आणि त्यानंतरही माणसे गटारात उतरून मेली आहेत. ते विसरून ह्या चित्रपटातल्या कवडशांकडे बघता येत नाही.

आणखी एक गोष्ट वाचकांपासून लपवू नये. चित्रपटातली शौचालये साधी नाहीत. टोकियोच्या शिबुया भागात निप्पॉन फाउंडेशनने २०२० पासून अशी १७ शौचालये उभारली, आणि ती तादाओ आंदो, केंगो कुमा, शिगेरु बान अशा जगप्रसिद्ध वास्तुरचनाकारांकडून घडवून घेतली. बान यांच्या शौचालयाच्या भिंती रंगीत काचेच्या आहेत. आतून कडी लावली की त्या अपारदर्शक होतात. चित्रपटात एक परदेशी बाई ते बघून गोंधळते तेव्हा हिरायामा तिला कडी लावून दाखवतो. ह्या उपक्रमामागे कोजी यानाई हे बड्या कपडे-उद्योगाच्या घराण्यातले गृहस्थ होते, आणि शौचालयांची माहिती लोकांपर्यंत जावी म्हणून त्यांनीच वेंडर्सना बोलावले होते. वेंडर्सनी छोट्या फिल्मांऐवजी पूर्ण चित्रपट करायचे ठरवले. म्हणूनच की काय, पडद्यावर खरी घाण जवळजवळ दिसतच नाही. "ह्याचा युनिफॉर्म संध्याकाळपर्यंत एवढा स्वच्छ कसा?" असे काकांनी दोनदा विचारले.

काही समीक्षकांना हिरायामा एखाद्या भिक्खूसारखा वाटला. साधे राहणे, थोडे बोलणे, हातातल्या कामात चित्त ठेवणे, हे पाहून तसे वाटणे साहजिक आहे. आम्हांला मात्र ही तुलना पुरती पटली नाही. भिक्खूला संघ असतो. हिरायामाला संघही नाही आणि कामगार संघटनाही नाही. ताकाशी एक दिवस फोनवरूनच नोकरी सोडतो आणि त्याची पाळीही हिरायामाच्या अंगावर पडते. त्या दिवशी रात्र होईपर्यंत तो एका शौचालयाकडून दुसऱ्याकडे धावतो; कवडसे नाहीत, हमाम नाही. शेवटी हा अबोल माणूस कार्यालयाला फोन लावून आवाज चढवून सांगतो, असे रोज जमणार नाही, माणूस पाठवा! माणूस येतो, म्हणजे एक चुणचुणीत बाई येते, वेळेवर, आपले काम जाणणारी. तिला पाहून हिरायामाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते ते आम्हांला सगळ्या कवडशांपेक्षा आवडले. काकांनी तर फोनच्या प्रसंगाला टाळी दिली.

शेवटाकडचा एक प्रसंग सांगून थांबतो. हिरायामा सुट्टीच्या दिवशी ज्या छोट्या गुत्त्यावर जातो तिथली मालकीण त्याला मनातून आवडते. एकदा दार उघडतो तर ती कोणा पुरुषाच्या मिठीत. तो तसाच मागे फिरतो, दारूचे डबे आणि सिगारेटी घेऊन नदीकाठी जातो. सिगारेटची सवय नसल्याने खोकत बसतो. तोच पुरुष शोधत तिथे येतो. तो तिचा घटस्फोटित नवरा. त्याला कर्करोग झाला आहे, तो शरीरात पसरला आहे, आणि एकदा तिला भेटावे म्हणून तो आला होता. बोलता बोलता तो विचारतो, दोन सावल्या एकमेकींवर पडल्या तर जास्त गडद होतात का? इतके आयुष्य गेले, एवढेही कळले नाही. हिरायामा म्हणतो, चला, बघू या. दोघे म्हातारे दिव्याखाली उभे राहून सावलीवर सावली धरतात. त्या माणसाला काही फरक दिसत नाही. हिरायामा हट्टाने म्हणतो, गडद झालीच आहे, दोन एकत्र येऊन काहीच बदलले नाही असे होणारच नाही. मग दोघेही लहान मुलांसारखे एकमेकांच्या सावलीवर पाय देण्याचा खेळ खेळत सुटतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा गाडी घेऊन कामाला निघतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबतो. कितीतरी वेळ तो हसतो, डोळे भरतात, पुन्हा हसतो. संवाद नाही, गाडीतल्या कॅसेटवर गाणे चालू आहे. चित्रपट घरातल्या सर्वांनी मिळून बघण्यासारखा आहे. लहान मुले मात्र कंटाळतील.

पडदा काळा झाला तरी काका बसून होते. मग त्यांनी चप्पल शोधता शोधता विचारले, "ह्याची नोकरी कायम होती का कंत्राटी?" आम्ही मुलीकडे बघितले. ती म्हणाली, सांगितलेच नाही.